हरळीच्या संगतीतले वर्ष : गोल्फ मैदानाच्या देखभालीत येणाऱ्यांसाठी

कृषी पदवीच्या अभ्यासात हरळी ही माझ्या लेखी केवळ एक तण होती. उसाच्या सरीत ती शिरली की खणून काढायची, काशा वेचून बांधापलीकडे टाकायच्या आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच करायचे, एवढाच आमचा तिच्याशी संबंध होता. पुढे पुण्याजवळच्या एका गोल्फ मैदानावर रुजू झालो आणि तिच्याच कुळातले गवत वर्षभर जपणे हे माझे काम ठरले. शेतीचे शिक्षण घेतलेल्या मुलांना या क्षेत्राची फारशी माहिती नसते, म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ज्या भागात चेंडू घालायचा खळगा असतो त्याला ग्रीन म्हणतात आणि देखभालीची खरी परीक्षा तिथेच होते. आपल्याकडच्या अनेक ग्रीनवर संकरित हरळी असते. आपली नेहमीची हरळी आणि आफ्रिकेतली बारीक पानाची तिची बहीण यांच्या संकरातून ती आली. टिफड्वार्फ हा तिचा प्रसिद्ध वाण १९६५ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथून प्रसारित झाला. या गवताला रुजणारे बी धरत नाही, त्यामुळे लागवड काड्यांच्या तुकड्यांनीच करावी लागते. रफमधले, म्हणजे कडेच्या उंच गवताच्या पट्ट्यातले गवत ४ ते ५ सेंटिमीटर ठेवले तरी चालते, फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या मुख्य पट्ट्यावर, साधारण १२ ते १५ मिलिमीटर लागते, पण ग्रीनवर मात्र ते ३ ते ४ मिलिमीटरवर रोज कापले जाते. एखाद्या वनस्पतीची पाने रोज काढून घ्यायची आणि तरीही तिला दाट ठेवायचे, हा या कामाचा गाभा आहे.

म्हणून नवख्या माणसाने यंत्राआधी मूळ पाहायला शिकावे. खळग्याची जागा बदलण्यासाठी १०८ मिलिमीटर व्यासाचा गोल कटर वापरतात. त्यातून निघालेला मातीचा गोळा लगेच जुन्या खळग्यात बसवण्याची घाई न करता, आधी हातात धरून त्याची कड न्याहाळावी. फेब्रुवारीअखेरीस त्यात पांढरी, ताठ मुळे बोटभर खोल गेलेली दिसतात, तर ऑगस्टमध्ये त्याच ग्रीनवर ती तपकिरी आणि जेमतेम दोन पेरांएवढी उरलेली असतात. वर हिरवेगार दिसणारे गवत आतून किती थकले आहे, हे मला तिथेच प्रथम कळले.

पहिल्या पावसाळ्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. सलग आठवडाभर ऊन पडले नव्हते, पण स्पर्धा जवळ आली होती, म्हणून मी कापणीची उंची ३ मिलिमीटरवरच ठेवली. हरळीला भरपूर ऊन लागते. ढगाळ हवेत पान आधीच कमी अन्न तयार करत असताना मी तेही कापत राहिलो. दहा-बारा दिवसांत झाडीच्या सावलीतले दोन ग्रीन विरळ झाले, उघड्या पडलेल्या जागेवर काळसर शेवाळ चढले आणि ते भरून यायला ऑक्टोबर उजाडला. तेव्हापासून मृगाचा पाऊस स्थिरावला की मी उंची वाढवतो, नत्राचा हात आखडता घेतो आणि खेळाडूंना चेंडू हळू का धावतो आहे ते आधीच समजावून सांगतो.

पावसाळ्याची तयारी खरे तर उन्हाळ्यात होते. एप्रिल-मे महिन्यांत वाढ जोरात असताना पोकळ दातांच्या यंत्राने ग्रीनला ८ ते १० सेंटिमीटर खोल भोके पाडून मातीच्या कांड्या बाहेर काढायच्या आणि त्या जागी कोरडी, चाळलेली वाळू झाडूने भरायची. दोन-तीन आठवडे चेंडू उड्या मारतो आणि तक्रारी येतात, पण हे काम टाळले तर जुलैत पाणी वरच साचते. नव्या पद्धतीच्या ग्रीनखाली सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा आणि त्याखाली १० सेंटिमीटर खडीचा थर असतो, त्यामुळे निचरा सोपा जातो. जुन्या, मातीच्या ग्रीनवर मात्र सारी भिस्त या भोकांवरच असते. फेअरवे काळ्या जमिनीचा असेल तर वाफसा आल्याशिवाय त्यावर ट्रॅक्टर घालू नये.

उन्हाळ्यात पाणी पहाटे द्यावे. संध्याकाळी दिले तर पान रात्रभर ओले राहते आणि बुरशीला वाव मिळतो. दुपारी ग्रीनवरून चालून मागे वळून पाहावे. पावलांचे ठसे तसेच राहिले आणि रंग निळसर करडा वाटला, तर गवत तहानलेले आहे असे समजावे.

किडींची चाहूल पक्षी देतात. साळुंक्या आणि बगळे एकाच जागी टोचा मारू लागले की साबणाचे पाणी चौरस मीटरभर जागेवर ओतावे. लष्करी अळी असेल तर थोड्याच वेळात वर येते. हुमणी मात्र अशी वर येत नाही, तिच्यासाठी गवताचा तुकडा उचलूनच पाहावे लागते. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, तेव्हाच ते गोळा केल्यास पुढचा त्रास बराच कमी होतो. लव्हाळ्याच्या बाबतीत माझा भरवसा खुरप्यावर आणि ते चालवणाऱ्या बायकांवर आहे, कारण गाठ तुटू न देता ती अख्खी कशी काढायची हे त्यांच्या हातांना ठाऊक असते.

हिवाळा त्या मानाने शांत जातो. रात्रीचे तापमान १० अंशांजवळ आले की वाढ मंदावते, त्यामुळे कोरिंगसारखी, म्हणजे पोकळ दातांनी भोके पाडण्यासारखी कामे तेव्हा काढू नयेत.

कामाला पहाटे साडेपाचला सुरुवात होते. पहिले सहा महिने जुन्या माळ्यांच्या मागे चालावे, रील मोवरची (फिरत्या पात्यांच्या गवत कापायच्या यंत्राची) धार कागदाची पट्टी कापून तपासायला शिकावे आणि रोजचा पाऊस, किमान तापमान, कापणीची उंची व मुळांची लांबी वहीत नोंदवावी. मुलाखतीला जाताना अशी एखाद्या हिरवळीची वही सोबत न्यावी, मग ती घरामागच्या अंगणाची असली तरी चालेल.