फणसाची आतडी, मैद्याच्या जखमा : कोकणात स्वस्तातला झोंबीपट कसा करावा

सिनेमातल्या भुतांमध्ये झोंबी सगळ्यात स्वस्त. ड्रॅक्युलाला वाडा लागतो, परग्रहावरून येणाऱ्याला यान लागतं. झोंबीसाठी फाटका शर्ट घातलेला शेजारी पुरतो. १९६८ साली जॉर्ज रोमेरोने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये उरकला. सिनेमा कृष्णधवल होता, त्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप बिनबोभाट खपून गेलं. आपल्याकडे 'झोंबिवली' (२०२२) डोंबिवलीत घडला. मग देवगड-वेंगुर्ल्याने काय घोडं मारलंय?

हे सिनेमे बघताना मजा येते ती रक्त खोटं दिसतं म्हणून नव्हे. रक्त खोटं, पण ते अंगावर उडालेला माणूस मात्र खराखुरा जीव घेऊन पळतोय, यात सगळी गंमत आहे. म्हणून नटांना एकच सक्त ताकीद: हसायचं नाही, आणि 'बघा, आम्ही मुद्दाम भिकार सिनेमा करतोय' असा भाव चेहऱ्यावर आणायचा नाही. तो भाव आला की प्रेक्षक मोबाईल काढतात.

पुढचा हिशोब १० ते १२ मिनिटांच्या सिनेमाचा आहे. बोलणारी पात्रं चार, झोंबी आठ, शूटिंग दोन दिवस.

गोष्ट

झोंबी कुठून आले याला एका वाक्यापेक्षा जास्त वेळ देऊ नका. ते कारण जितकं सविस्तर, तितकं हास्यास्पद, आणि ते नको त्या अर्थाने. कोकणात वर्षातले अकरा महिने कुलूप लावलेली घरं आयती उभी आहेत. गणपती होऊन महिने लोटले, चाकरमानी कधीच परतले, आणि तरी एका घरात कोणीतरी चालतंय. एवढ्यावर निम्मा सिनेमा निघतो. संवाद मालवणीत ठेवा, आणि ते मयताला आल्यासारखे गंभीरपणे म्हणा. 'आबानू, तुमका चावलो काय तो?' 'चावाक नाय, नुसतो ओरबाडल्यान.' यावर प्रेक्षक हसतील. आबांनी हसता कामा नये.

रक्त

साखरेच्या पाकात लाल रंग घालायची कृती सगळीकडे सापडते. थंड देशात ती ठीक आहे. इथे पाक लावून माणूस आंब्याखाली दोन मिनिटं निजवला की लाल मुंग्या त्याला खरोखरच जिवंत करतील. त्यापेक्षा कॉर्नफ्लोअर बरं.

१ लिटर पाण्यातलं वाटीभर काढून त्यात कॉर्नफ्लोअरचे ५ मोठे चमचे गुठळी न ठेवता कालवा. उरलेलं पाणी उकळलं की ते ओतून तीन-चार मिनिटं ढवळत शिजवा. चकाकी आली की, हवं त्यापेक्षा जरा पातळ असतानाच उतरवा, कारण निवल्यावर ते आणखी आळतं. मग अर्धा छोटा चमचा लाल खाद्यरंगाची पावडर, दोन छोटे चमचे कोको आणि निळा खाद्यरंग अगदी नखावर मावेल इतकाच. नुसता लाल रंग एलईडीच्या उजेडात सरबतासारखा गुलाबी दिसतो. कोकोमुळे रक्त अपारदर्शक होतं आणि निळ्यामुळे काळपट. बीटाच्या रसाच्या नादी लागू नका, तो वाळला की तपकिरी पडतो. मनगटावर थेंब टाकून, ज्या दिव्यात शूटिंग करायचं त्याच दिव्यात फोटो काढून बघा. भांड्यातला रंग फसवतो. हे मिश्रण दमट हवेत दुसऱ्या दिवशी आंबतं, तेव्हा रोजच्यापुरतंच करा.

कपड्यावर उडवायचं रक्त वेगळ्या बाटलीत भरा आणि त्यात भांडी घासायचं लिक्विड एक चमचा मिसळा, म्हणजे डाग धुताना सुटतो. त्या बाटलीवर मोठ्या अक्षरात 'तोंडात नको' लिहा. ओठांतून ओघळायला पाणी न घातलेलं अमृत कोकम उत्तम: गडद, पारदर्शक आणि चवीला गोड, त्यामुळे झोंबी पुन्हापुन्हा टेक द्यायला तयार असतो. आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) मात्र वापरू नका. त्यातलं मीठ फुटलेल्या ओठाला झोंबतं, डोळ्यात गेलं तर त्या दिवसाचं काम संपलंच.

आतडी

इथे कोकणाचा हात कोणी धरू शकत नाही. पिकलेला बरका फणस फोडला की आतून निघणारा बुळबुळीत, तंतुमय ऐवज पोट फाडल्यासारखाच दिसतो. कापा चालणार नाही, त्याचे गरे करकरीत आणि नीटनेटके असतात. पाव फणस एका पोटाला पुरतो. हाताला खोबरेल चोळून गरे आणि त्यांच्या भोवतीच्या पाती एकत्र ओढून काढा, आठळ्या वेगळ्या करा (दाताखाली आली तर झोंबी 'आई गं' म्हणतो), वरून कॉर्नफ्लोअरचं रक्त ओता. पडलेल्या माणसाचा शर्ट पोटावर फाडून आत प्लॅस्टिकची पिशवी पसरा आणि त्यावर फणस रचा. झोंबींना तो मनसोक्त खाता येतो, आणि खरं खाणं कॅमेऱ्यात लगेच कळतं. फाडताना होणारा तो ओला, चिकट आवाजही जवळून रेकॉर्ड करून ठेवा.

पण बरका पिकतो एप्रिल-मेमध्ये, आणि त्या घामात चेहऱ्यावरचा रंग तासभरही टिकत नाही. त्यावर उपाय आहे. मुख्य शूटिंग डिसेंबर-जानेवारीत करा आणि आतड्यांचे जवळचे शॉट मे महिन्यात वेगळे घ्या. त्यात फक्त हात, तोंडाचा खालचा भाग आणि पोट दिसतं. त्यासाठी खाणारा आणि पडलेला अशा दोघांचे शर्ट न धुता पिशवीत बांधून ठेवायचे, आणि रक्ताचे डाग कुठे होते याचा फोटो त्याच पिशवीत. हे शॉट पाऊस सुरू व्हायच्या आत उरका.

चेहरे

सावळ्या किंवा गव्हाळ कातडीवर पांढरा रंग फासला की झोंबी न दिसता पिठाच्या गिरणीतला माणूस दिसतो. मुलतानी मातीचे दोन मोठे चमचे, चाळलेल्या कोळशाची पाव चमचा पूड आणि मातीएवढंच पाणी असा राखी लेप पातळ लावा. वाळताना त्याला आपोआप भेगा पडतात; मेलेली कातडी फुकटात. चुलीतली राख वापरू नका, ती कातडीला चुरचुरते. डोळ्यांच्या खोबणीत काजळ पसरवा आणि पापणीच्या कडेला बाहेरून लाल लिपस्टिकची रेघ. मान, कान आणि हात रंगवायचे राहतात ही हमखास चूक: चेहरा मढ्याचा आणि मनगट नुकतं साबण लावून धुतलेलं.

जखमेसाठी ३ चमचे व्हॅसलीन, ३ चमचे मैदा आणि चिमूटभर कोको मळून घ्या. गोळा हाताला चिकटत असेल तर मैदा वाढवा. कातडीवर थापून कडा बोटाने विरवा, मध्ये चमच्याच्या टोकाने चीर पाडा, चिरेत आधी काजळ, मग रक्त. कडा विरल्या नाहीत तर जखम पोळीसारखी चिकटवलेली दिसते. लिक्विड लॅटेक्स (पातळ रबर) वापरणार असाल तर चेहऱ्याला लावण्यासाठी बनवलेलंच घ्या. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, भुवयांवर आधी व्हॅसलीन लावा. दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत म्हणून तिथला चीक आणायचा मोह होईल. तो गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, तो तोंडाला लावू नका.

ओळखीत दशावतारी कलावंत असेल तर त्याचा एक दिवस मागून घ्या. रात्रभर घामात टिकणारा रंग स्वतःच्या हाताने चढवणारी ही माणसं, लेप किती पातळ ठेवायचा हे त्यांच्या बोटांना कळतं. मात्र जत्रा सुरू व्हायच्या आधी विचारा, नंतर त्यांच्या रात्री मोकळ्या नसतात. जुन्या पेटीतलं मुर्दाडशिंग (चेहरा रंगवायची पूड) कोणी प्रेमाने पुढे केलं तर नम्रपणे नाही म्हणा. त्यात शिसं असतं.

कपडे सुरीने फाडू नका, सरळ काप लगेच ओळखू येतो. कापड नारळाच्या खवणीवर घासा आणि रात्रभर जांभ्याच्या लाल मातीच्या पाण्यात भिजवून न पिळता वाळवा.

चाल आणि गर्दी

दोन्ही हात पुढे करून चालणारा झोंबी शाळेच्या गॅदरिंगला शोभतो. प्रत्येकाला शरीराचा एकच भाग 'मेलेला' द्या: एकाचा डावा घोटा, दुसऱ्याची मान, तिसऱ्याचा उजवा खांदा. नजर समोरच्याच्या आरपार. आठ जणांचे तीस करायचे तर एकाच चौकटीत तिन्ही बाजूंनी तीच माणसं शर्ट-लुंगी बदलून पुन्हा आत सोडा. दोघं कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, पाठमोरे. बाकीचे दूर धुरात. धुरासाठी ओलसर सोडणं (नारळाची सालं) पत्र्याच्या घमेल्यात पेटवून विझवा आणि उजेड धुराच्या मागून येऊ द्या. काजूची टरफलं जाळू नका, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट. सुकलेल्या गवतात आणि काजूच्या बागेत धूर नकोच. शेजारी भरलेली बादली हवी.

पुळणीवरचा प्रसंग

समुद्रातून वर येणारे झोंबी हवेतच. पौर्णिमा किंवा अमावास्या निवडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: पंधराव्या तिथीला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी पाच-सव्वापाचला पुळण सगळ्यात रुंद, आणि डिसेंबरात सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. उजेड आणि ओली वाळू एकत्र मिळण्याचा तासभर हाच. गावोगाव वेळ थोडी पुढेमागे होते, कोष्टक बघून घ्या. खाडीच्या तोंडाशी जाऊ नका, गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कोणाला उभं करू नका.

घोटाळा होतो तो पावलांचा. पहिल्या टेकला वाळू कोरी असते, दुसऱ्या टेकला तिथे आठ माणसांचे माग असतात आणि झोंबी आपल्याच पावलांवरून चालताना दिसतो. म्हणून लांबचा शॉट आधी घ्या, आणि चुकला तर सगळं युनिट पंधरा पावलं बाजूला सरकवा. पायांचे आणि चेहऱ्याचे जवळचे शॉट शेवटी. डबा घेऊन मध्येच चालत जाणाऱ्या मदतनीसाला वाळूत एकच वाट आखून द्या.

रात्र दाखवायची असेल तर खरी रात्र लागत नाही. सूर्य पात्रांच्या पाठीशी ठेवा, आकाश चौकटीबाहेर, फोनचं एक्स्पोजर (चित्राचा उजेड) दीड ते दोन स्टॉप खाली, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ३२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे चित्र निळसर होतं. उन्हात चमचमणारं पाणी चांदण्यासारखं दिसतं. या सगळ्या सेटिंग लॉक करा, नाहीतर फोन मध्येच स्वतःच्या मर्जीने उजळतो. घरात दिव्याखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर, म्हणजे दिवा थरथरत नाही.

आवाज

मळक्या चित्राला प्रेक्षक माफ करतात, न कळणाऱ्या संवादाला नाही. लाटांचा आणि सुरूच्या बनातला घोंगावणारा आवाज सगळं गिळतो. दुसरा फोन नटाच्या शर्टाच्या आत, छातीशी ठेवून रेकॉर्ड करा. तेही जमलं नाही तर संध्याकाळी पंखा बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन संवाद पुन्हा म्हणा. हाड मोडायला शेवग्याची कच्ची शेंग, दोन-तीन एकत्र. पार्श्वसंगीत इंटरनेटवरून उतरवू नका. हल्ल्याच्या वेळी पखवाज आणि झांज पुरे, आणि झोंबी दिसण्याआधी चार सेकंद काहीच नको.

परवानगी

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारखे किल्ले पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, तिथे परवानगीशिवाय शूटिंग नको. चिऱ्याची बंद खाण जास्त चांगली दिसते, फक्त मालकाला विचारा आणि पाणी साचलेल्या कडेपासून लांब राहा. देवराई आणि मसणवट सोडून द्या. पोलीस पाटलाला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला तारीख, वेळ, जागा लेखी कळवा. अंधारात किनाऱ्यावर रक्ताने माखलेली अनोळखी माणसं दिसली तर गाव काठ्या घेऊनच येईल, आणि ते बरोबरच आहे. रंगलेल्या कोणालाही एकट्याने दुचाकीवरून घरी पाठवू नका.

रंग उतरवताना आधी खोबरेल, मग बेसन, शेवटी साबण. व्हॅसलीनवर थेट पाणी मारलं तर मैद्याचा लगदा होऊन केसांत बसतो. फणसाचा चीक हाताला राहिलाच तर पुन्हा खोबरेल. वाळूवर सांडलेलं रक्त खोऱ्याने उलटून टाका, पिशव्या मोजून परत न्या, आणि मे महिन्यासाठी ठेवलेल्या शर्टांच्या पिशवीत दोन डांबराच्या गोळ्या टाका.