वर्मीरच्या मोतीवाल्या मुलीवरून ऑइल पेंटिंग कसं शिकायचं

ऑइल शिकायचंय तर आधी एक जुनं पेंटिंग जसंच्या तसं उतरवून बघा, आणि पहिल्यासाठी मी सतराव्या शतकातल्या डच चित्रकार वर्मीरची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगीच सांगेन, कारण एकच चेहरा, मागे अंधार आणि रंगही मोजकेच. चित्र साधारण 1665 चं, नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस म्युझियममध्ये आहे, आणि माप फक्त 44.5 बाय 39 सेंमी, म्हणजे 18 बाय 16 इंचाचा कॅनव्हास आणला की जवळपास मूळ मापातच काम होतं. म्युझियमच्या साइटवर मोठी इमेज आहे, तिची त्याच मापाची प्रिंट काढा.

आधी कॅनव्हासवर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी रंग) एक हात द्या. वाळला की प्रिंटवर आणि कॅनव्हासवर 2-2 इंचांचे चौकोन आखून खडूने ड्रॉइंग करा.

आता नुसत्या अंबरमध्ये पूर्ण चित्र करायचं, उजेड असेल तिथे फडक्याने पुसून काढायचा. इथे अजिबात घाई नको, दोन-तीन दिवस गेले तर जाऊ द्या, डोळे बारीक करून बघत राहा. नाकाकडे नीट बघा, नाकाचा दांडा आणि उजेडातला गाल यांच्यामध्ये रेघच नाहीये! आपला हात मात्र तिथे रेघ मारायला जातोच, आणि खरं शिक्षण तिथेच होतं.

हे वाळल्यावर त्वचा: टायटॅनियम व्हाइट, यलो ओकर, किंचित व्हर्मिलियन (लाल). सावली पातळ, उजेड जाड. वरच्या थरात जवसाचं तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर पुढे तडे जातात. (तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेटू शकतात, उघड्यावर पसरून वाळवा.) फेट्याला आधी व्हाइट मिसळलेला अल्ट्रामरीन (निळा), वाळला की वरून नुसत्या अल्ट्रामरीनचा ग्लेझ, म्हणजे खालचं दिसेल असा पातळ पारदर्शक थर. मागे मात्र निव्वळ काळा फासू नका, 2018 मध्ये सुरू झालेल्या तपासणीत तिथे मुळात हिरवा पडदा होता असं कळलं, म्हणून काळ्यावर पातळ हिरवा ग्लेझ द्या, खोली येते.

मोती सगळ्यात शेवटी. त्याला हुक नाही, आउटलाइनही नाही, वर पांढऱ्याचा एक जाड फटकारा आणि खाली कॉलरची मऊ झाक, बास. फटकारा एकदाच मारायचा, परत ब्रश लावायचा नाही.

व्हार्निशला सहा महिने थांबा, आणि मागे ‘वर्मीरवरून’ असं लिहून मग आपलं नाव टाका.