उन्हाळी काढणीचा माल रीफर कंटेनरने पाठवताना

उन्हाळ्यात काढणीची घाई सुरू होते आणि समुद्रमार्गे गेलेल्या मालाच्या तक्रारीही याच दिवसांत वाढतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: कंटेनर पूर्ण वेळ चालू होता, तापमानाचा आलेखही बरोबर आहे, मग माल खराब झालाच कसा? शोध घेतला तर चूक बहुधा काढणीनंतरच्या पहिल्या सहा-आठ तासांत सापडते. रीफर कंटेनर, म्हणजे शीतयंत्र बसवलेला कंटेनर, हा आधीच गार केलेला माल गार राखण्यासाठी असतो. तापलेला माल झटपट थंड करण्याची ताकद त्याच्या यंत्रात नसते.

भर दुपारी तोडलेल्या फळाच्या गराचे तापमान सहज 30 ते 35 अंश सेल्सिअस असते. असा माल 40 फुटी कंटेनरात वीस-एकवीस पॅलेट (पेट्या रचायच्या चौकटी) दाटून भरला आणि तापमान शून्यावर लावले, तरी मधल्या पेट्यांतली ऊब निघायला कित्येक दिवस लागतात. तेवढ्या काळात फळ श्वास घेतच असते. तापमान 10 अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, त्या श्वसनातून आणखी उष्णता सुटते, पेटीच्या आत घाम धरतो आणि बुरशीला हवे ते सगळे मिळते. जहाज अजून बंदरातच असते आणि मालाचे अर्धे आयुष्य संपलेले असते.

म्हणून तोडणी पहाटे उरका. भरलेले क्रेट बांधावर उन्हात ठेवू नका. सावलीत ठेवा, झाका आणि खेपा लहान करून लवकर पॅकहाऊसला पोचवा. नुसत्या शीतखोलीत रचून ठेवलेल्या पेट्या आतपर्यंत गार व्हायला एक दिवसाहून जास्त वेळ घेऊ शकतात. पंख्याने पेट्यांच्या छिद्रांतून गार हवा ओढून घेणाऱ्या प्री-कूलिंग खोलीत तेच काम काही तासांत होते. या खर्चात हात आखडू नका, एवढे मी कळकळीने सांगतो.

माल गार झाला की नाही, हे खोलीच्या तापमानावरून ठरवू नका. टोकदार थर्मामीटर घ्या, पॅलेटच्या मधल्या थरातली, आतल्या बाजूची पेटी काढा, फळाच्या गाभ्यापर्यंत टोक घाला आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. एका खेपेला आमच्या बाहेरच्या पेट्या 1 अंश दाखवत होत्या आणि मधल्या पेट्यांत 14 अंश निघाले. भरलेले सहा पॅलेट आम्ही पुन्हा खाली उतरवले. त्या आठवड्याचे जहाज चुकले, पण माल वाचला. तेव्हापासून प्रत्येक पॅलेटचे गराचे तापमान वहीत लिहिल्याशिवाय मी दार लावू देत नाही.

कंटेनर दारात आला की पाठवणीपूर्व तपासणी झाल्याची नोंद मागा. आत वास घ्या. आधीच्या मालाचा किंवा रसायनाचा वास असेल तर कंटेनर परत पाठवा. दाराचे रबर फाटलेले नाही ना, तळाची भोके तुंबलेली नाहीत ना, हे पाहा. ‘कंटेनर आधीच गार करून आणा’ असा आग्रह बरेच जण धरतात. भरण्याची जागा बंदिस्त आणि थंड असेल, कंटेनरचे दार तिला घट्ट भिडत असेल, तरच ते योग्य. उघड्या धक्क्यावर गार कंटेनरचे दार उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि भिंतींवर, यंत्राच्या कॉइलवर पाणी धरते. माल भरताना यंत्र बंदच ठेवावे.

आता हवेच्या वाटेबद्दल. 1882 साली ‘डुनेडिन’ हे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून गोठवलेले मांस घेऊन लंडनला निघाले. वाटेत गार हवा नीट फिरत नाही असे लक्षात आल्यावर कप्तान स्वतः शीतकोठारात सरपटत शिरला आणि करवतीने हवेची भोके वाढवू लागला. थंडीने तो जवळजवळ गोठला. दोरीने ओढून त्याला बाहेर काढावे लागले. 98 दिवसांच्या त्या प्रवासात माल टिकला. आजच्या कंटेनरातही कळीचा मुद्दा हवेच्या वाटेचाच आहे. गार हवा तळाच्या पन्हाळ्यांतून वाहते, पेट्यांमधून वर चढते आणि छताजवळून यंत्राकडे परतते. भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर एकही पेटी चढवू नका, नाहीतर परतीची वाट बंद होते. दाराजवळ तळ उघडा राहिला तर तो पुठ्ठ्याने झाका. नाहीतर हवा मालाला वळसा घालून तिथूनच वर निसटते. ताज्या मालाच्या पेट्यांची छिद्रे एकावर एक जुळली पाहिजेत आणि कोपऱ्यावर कोपरा बसला पाहिजे, कारण पुठ्ठ्याचा भार कोपरेच पेलतात. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, तेव्हा तिरपी रचलेली थप्पी खाली बसते.

गोठवलेल्या मालाचे गणित वेगळे. तो श्वास घेत नाही, त्यामुळे पेट्या एकमेकींना चिकटवून ठोकळ्यासारख्या रचा. हवा त्यांच्याभोवती फिरली की पुरे. व्हेंट, म्हणजे बाहेरची ताजी हवा आत घेणारी झडप, पूर्ण बंद. माल भरण्याआधीच गाभ्यापर्यंत उणे 18 अंशांवर आलेला असावा. पिशवीच्या आत भुरभुरीत बर्फ दिसला तर माल कुठेतरी ऊब खाऊन पुन्हा गोठला असण्याची शंका घ्या.

तापमानाचा आकडा तोंडी सांगू नका. बुकिंगवर चिन्हासह आणि ‘सेल्सिअस’ हा शब्द लिहून द्या. उणे चिन्ह गळाले की अख्खा कंटेनर वितळतो. द्राक्षांना उणे 0.5 ते 0 अंश मानवते, केळ्यांना 13 ते 14. केळी याहून गार ठेवली तर साल काळपट पडते आणि ती धड पिकत नाहीत. हिरव्या पक्व आंब्याला साधारण 10 ते 13 अंश लागतात. कांद्याला शून्य अंश चालतो, पण हवा कोरडी हवी, आर्द्रता 65 ते 70 टक्के. द्राक्षांना मात्र 90 ते 95 टक्के. त्यामुळे ‘थोडी जागा उरली आहे’ म्हणून दोन पिके एकत्र घालण्याआधी दहादा विचार करा. शिवाय सफरचंद, केळी, आंबा यांतून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारचे किवी किंवा पालेभाज्या त्याने लवकर पिकतात, पिवळ्या पडतात. व्हेंट किती उघडा ठेवायचा हे टक्क्यांत लिहू नका, ताशी घनमीटरमध्ये लिहा. प्रत्येक बनावटीच्या कंटेनरात त्याच टक्क्याचा अर्थ वेगळा होतो.

प्रवासाचे दिवस मोजताना तोडणीपासून दुकानाच्या फळीपर्यंतचे मोजा. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आशिया-युरोप मार्गावरची अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास 10 ते 14 दिवसांनी लांबला. नेहमीच्या हिशेबाने पक्वता धरून तोडलेला माल अशा वेळी वाटेतच पिकतो. बुकिंगच्या दिवशीच मार्ग विचारा आणि त्यावरून तोडणीची पक्वता ठरवा.

कागदपत्रांत आयातदार देशाच्या अटींप्रमाणे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन लागते; वजनाची सक्ती 1 जुलै 2016 पासून आहे. लाकडी पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का असलाच पाहिजे, म्हणजे लाकडाच्या गाभ्याला 56 अंशांवर सलग 30 मिनिटे. शिक्का नसेल तर उत्तम मालही परक्या बंदरात अडकतो.

दार लावण्याआधी दोन तरी डेटा लॉगर, म्हणजे तापमान सतत नोंदवणारी छोटी यंत्रे, ठेवा, त्यातला एक दाराजवळच्या पॅलेटच्या वरच्या पेटीत. सर्वांत जास्त ऊब तिथेच असते. प्रत्येक रांगेचा, सीलच्या क्रमांकाचा आणि यंत्रावरच्या आकड्याचा फोटो काढा. आलेखात अधूनमधून छोटा उंचवटा दिसला तर घाबरू नका, यंत्र कॉइलवरचा बर्फ वितळवते तेव्हा तो येतो. तासन्‌तास वर राहिलेली रेष मात्र गंभीर. घेणाऱ्याला आधीच बजावून ठेवा: वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना बऱ्याच वाहतूक करारांत ताबा मिळाल्यापासून 3 दिवसांत द्यावी लागते आणि दाव्याची मुदत एक वर्षाची असते. कंटेनर उघडताच, एकही पेटी हलवण्याआधी, त्याने गराचे तापमान मोजून फोटोसह तुम्हाला कळवले पाहिजे.