तिलारीच्या खोऱ्यातील घळी कशा पाहाव्यात

सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पहिल्यांदा जाणारा माणूस धरणाच्या भिंतीवर उभा राहतो, दोन छायाचित्रे काढतो आणि तिलारी पाहिली असे समजून परत फिरतो. हे खोरे असे दिसत नाही. सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी दोडामार्गातून गोव्यात उतरते आणि तेथे शापोरा या नावाने अरबी समुद्राला मिळते. परंतु तिचे खरे रूप मुख्य पात्रापेक्षा तिला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या व्हाळांत, म्हणजे ओढ्यांत, आणि त्या व्हाळांनी कोरलेल्या घळींत आहे. म्हणून माझा पहिला सल्ला असा की खोरे पाण्याच्या मागे मागे पाहावे: सुरुवात वरच्या सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावरून, करावी आणि पाणी जसे उतरते तसे खाली यावे.

जाण्यापूर्वी या भूमीचा कायदेशीर दर्जा समजून घेणे आवश्यक आहे. खोऱ्याचा २९.५३ चौरस किलोमीटरचा भाग २०२० मध्ये ‘तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित झाला. अभयारण्य आणि संवर्धन राखीव यांत फरक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या या तरतुदीचा उद्देश दोन संरक्षित वनांना जोडणारी शासकीय जमीन सांभाळणे हा आहे, आणि तिच्या व्यवस्थापन समितीत संबंधित ग्रामपंचायतींचे प्रतिनिधीही असतात. राधानगरीकडील जंगल आणि गोवा-कर्नाटकातील जंगले यांच्यामधली ही वाट वाघालाही लागते. पाहुण्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: राखीव क्षेत्रात आग लावणे, प्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे यांना अभयारण्याप्रमाणेच मनाई आहे. चुलीवरच्या चहाचा बेत मनात असेल तर तो घरीच सोडून यावे. वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारणा करावी, आणि गावातला वाटाड्या सोबत घेतल्याशिवाय घळीत उतरू नये.

नदीखोरे म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर परदेशी चित्रांतले पांढुरके चुनखडीचे कडे येतात. इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवरील वाय नदीचे खोरे तसे आहे. १९७१ पासून संरक्षित असलेल्या सुमारे ३२६ चौरस किलोमीटरच्या त्या प्रदेशात पावसाचे किंचित आम्ल पाणी चुनखडी विरघळवत गेले, त्यातून गुहा आणि उभे कडे तयार झाले, आणि त्या कड्यांवर बहिरी ससाणे घरटी करतात. आपल्याकडे चुनखडी शोधू नये. येथे वर जांभा आहे, सह्याद्रीच्या लाव्हाचा काळा पाषाण या दक्षिण टोकाला येऊन विरळ होतो, आणि त्याखालचे त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. दगड वेगळा, पण पाहण्याची रीत तीच: पाणी कोठे मुरते आणि कोठे बाहेर येते, हे शोधावे.

सड्यावर सकाळी लवकर पोहोचावे. वरून उजाड दिसणारा हा कातळ सच्छिद्र असतो. पावसाचे बरेचसे पाणी त्यात मुरते, खालच्या चिकणमातीच्या थराशी अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पावसाळा सरताना येथे कीटकभक्षी दवबिंदू आणि सीतेची आसवे ही चिमुकली फुलझाडे उगवतात. ती नखाएवढी असल्यामुळे सरळ उभे राहून दिसत नाहीत, गुडघे टेकून पाहावी लागतात, आणि पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहावे लागते. त्यानंतर कडेने चालत जेथे गवत अचानक दाट व हिरवे दिसते ती जागा गाठावी. घळ बहुधा तेथूनच सुरू होते.

घळीत उतरताच हवा बदलते. वारा आणि वणवा दोन्ही येथे कमी पोहोचतात, झऱ्याची ओल उन्हाळ्यातही टिकते, माती साचत जाते, आणि म्हणून वर पानगळीचे जंगल असले तरी घळीत सदाहरित झाडे तग धरतात. या भागाचा सर्वांत मोलाचा नमुना म्हणजे हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळांची दलदल. सुमारे २.५९ हेक्टरची ही जागा आज जैवविविधता वारसा स्थळ आहे. सतत भिजलेल्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात आणि श्वास घेऊन पुन्हा खाली जातात. येथे काठावरूनच पाहावे. चिखल तुडवला की तो दाबला जातो, आणि नुकती रुजलेली रोपे पायाखाली जातात. मी स्वतः पहिल्या भेटीत छायाचित्राच्या मोहाने दोन पावले आत गेलो होतो. सोबतच्या गावकऱ्याने न बोलता हात धरून मागे घेतले, ते आजही आठवते.

रानजायफळाची, वडा-उंबराची फळे जेथे आहेत तेथे धनेश पक्षी येतोच. त्याची मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि फटीतून चोच बाहेर काढून नराने आणलेले अन्न घेते. म्हणून उन्हाळ्यात घरट्याच्या झाडाजवळ थांबणे म्हणजे तिच्या आणि पिलाच्या घासावर उभे राहणे होय. नर माणसे पाहून झाडावर उतरत नसेल तर आपण मागे सरावे, त्याची वाट पाहत बसू नये.

हत्तींविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. २००२ मध्ये कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती आले आणि तेव्हापासून येथल्या बागायतदारांनी केळी, माड आणि पोफळी यांचे सोसलेले नुकसान फार मोठे आहे. त्यामुळे गावात ‘हत्ती कोठे दिसेल’ असे उत्साहाने विचारू नये. ‘आज हत्ती कोणत्या बाजूला आहे’ असे विचारावे आणि त्या बाजूला जाऊ नये. सायंकाळी चारपर्यंत घळीतून वर यावे, कारण तिन्हीसांजेला हत्ती बागांकडे उतरतात. ताजी लीद किंवा ओरबाडलेला भेरली माड (रानातले माडासारखे झाड) दिसल्यास, चाहूल नसली तरी, आल्या वाटेने परत फिरावे.

ऋतू निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा आहे. जून ते सप्टेंबर घळीत उतरूच नये: तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडे असले तरी घाटमाथ्यावर पडलेला पाऊस व्हाळाला काही क्षणांत फुगवतो, आणि उभ्या भिंतींमुळे बाजूला चढायला जागा नसते. ऑक्टोबरातही परतीचा पाऊस पडतो. पाणी गढूळ होऊ लागले किंवा पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, तर सामान गोळा करण्यात वेळ न घालवता वर चढावे.

सोयीच्या याच महिन्यांत माकडतापाचा हंगामही सुरू होतो आणि तो मेपर्यंत चालतो. गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा हा विषाणू सिंधुदुर्गात अलीकडच्या वर्षांत माणसांचे बळी घेऊन गेला आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायमोज्यांत विजार खोचावी, गोचीड पळवणारे तेल लावावे आणि पालापाचोळ्यावर बसू नये. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता वनविभागाला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंगावर गोचीड आहे का ते तपासावे, आणि पुढच्या आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना इतर लक्षणांच्या आधी आपण तिलारीच्या जंगलात गेलो होतो हे सांगावे.