सुसज्ज शिडाची नौका विकताना या चुका टाळा

लांब पल्ल्याच्या सागरप्रवासासाठी सज्ज केलेली शिडाची नौका विकायला काढताना पहिली चूक होते ती किंमत ठरवताना. मालक नौकेच्या मूळ किमतीत सौर पॅनेल, लिथियम बॅटऱ्या, रडार, ऑटोपायलट, वॉटरमेकर (समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र) आणि नवी शिडे यांच्या पावत्यांची रक्कम मिळवतो, थोडी घट धरतो आणि येणारा आकडा जाहिरातीत टाकतो. खरेदीदार मात्र हिशेब दुसऱ्या टोकाकडून करतो. त्याच बनावटीच्या, तेवढ्याच लांबीच्या आणि साधारण त्याच वर्षी बांधलेल्या नौका कितीला गेल्या हे तो आधी पाहतो आणि मग या नौकेवरील सामानामुळे आपला किती खर्च व किती वेळ वाचेल याचा अंदाज घेतो. जुना चार्टप्लॉटर (सागरी नकाशावर नौकेचे स्थान दाखवणारा पडदा) त्याच्या लेखी जवळजवळ शून्य असतो, कारण तो काढून नवा बसवण्याचे त्याने आधीच ठरवलेले असते. चांगल्या सामानामुळे सारख्या नौकांमध्ये आपल्या नौकेला पसंती मिळते, ती लवकर विकली जाते आणि किमतीतही काहीशी भर पडते. परंतु सामानावर घातलेली रक्कम जशीच्या तशी परत येईल ही अपेक्षा सोडूनच विक्रीला बसावे.

तुलना करताना जाहिरातीतील मागणीच्या किमतींवर विसंबू नये. वर्षभर विक्रीला पडून असलेल्या नौकेची किंमत ही फक्त तिच्या मालकाची इच्छा असते. प्रत्यक्ष व्यवहार कोणत्या किमतीला झाले याची माहिती ब्रोकरकडे असते आणि त्याच्या दलालीच्या मोबदल्यात मिळणारी ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. नवी जाहिरात सुरुवातीच्या काही आठवड्यांत सर्वाधिक पाहिली जाते. तेव्हा अवाच्या सवा किंमत लावली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने उतरवली, तर नौकेत काही दोष असावा अशी शंका लोकांना येते. दरम्यान धक्क्याचे भाडे, विमा आणि देखभाल यांचा खर्च चालूच राहतो.

विक्रीच्या तोंडावर नवी उपकरणे बसवणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. नव्या रडारपेक्षा गळणारे हॅच (डेकवरील झाकणाचे दार), घट्ट बसलेला सीकॉक (तळातील पाण्याच्या वाटेची झडप) आणि बिल्ज म्हणजे नौकेच्या तळाशी पाणी साचते त्या भागातील पंपाचा बंद पडलेला स्विच दुरुस्त करण्यावर खर्च केलेले पैसे अधिक फळतात.

सामानाच्या यादीतील त्रुटी

अनेक जाहिरातींत तीन-तीन पानांची यादी असते आणि तरीही तिच्यातून काहीच कळत नाही. ‘लाइफराफ्ट आहे’ या शब्दांना अर्थ नाही; संकटकाळी उतरायचा हा तराफा कोणत्या वर्षीचा, किती माणसांचा, शेवटची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी करायची हे लिहिले पाहिजे. तपासणीची मुदत उलटून गेलेला लाइफराफ्ट खरेदीदाराच्या वहीत जमेच्या बाजूला न जाता खर्चाच्या बाजूला जातो. मुदत संपलेल्या संकटदर्शक फ्लेअर्सचेही तसेच आहे. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा कधी बदलल्या हे वर्षासह लिहावे, कारण त्या दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या की त्या बदलल्याशिवाय विमा देण्यास अनेक कंपन्या खळखळ करतात. इंजिन किती तास चालले आहे, शिडे कोणत्या वर्षीची आणि कोणत्या कापडाची आहेत, हेही नमूद करावे. सेलड्राइव्ह (इंजिनाची शक्ती तळातून थेट खालच्या पंख्याकडे नेणारी जोडणी) असेल तर त्याचा रबरी पडदा केव्हा बदलला तेही सांगावे. इंजिन बनवणारी व्होल्व्हो पेंटा कंपनी तो सात वर्षांनी बदलण्याची शिफारस करते आणि जाणकार खरेदीदार हा प्रश्न हमखास विचारतो.

बंद पडलेले उपकरण यादीत तसेच ठेवणे फार महागात पडते. पाहणीच्या वेळी एक शीतकपाट चालले नाही किंवा वाऱ्याचा वेग दाखवणारे यंत्र मुके निघाले, तर खरेदीदार उरलेल्या साऱ्या यादीकडे संशयाने पाहू लागतो. असे उपकरण दुरुस्त करावे, काढून टाकावे किंवा त्यापुढे ‘बंद आहे’ असे स्पष्ट लिहावे. जी वस्तू आपल्याकडेच ठेवायची आहे, मग ती सेक्स्टंट (ताऱ्यांवरून स्थान काढण्याचे साधन) असो, अवजारांची पेटी असो वा डिंगीचे म्हणजे सोबतच्या छोट्या होडीचे आउटबोर्ड इंजिन, ती पहिले छायाचित्र काढण्यापूर्वीच नौकेवरून हलवावी. छायाचित्रात दिसलेली वस्तू आपल्याला मिळणार असे समोरचा धरून चालतो, आणि व्यवहार किमतीवर न मोडता अशा एखाद्या वस्तूवर मोडणे शक्य असते.

नौका दाखवताना होणाऱ्या चुका

खरेदीदार येण्यापूर्वी इंजिन सुरू करून गरम ठेवणे हा अनेकांना शहाणपणा वाटतो. अनुभवी माणूस मात्र आल्याबरोबर इंजिनावर हात ठेवून पाहतो, आणि ते कोमट लागले की थंड इंजिन सहज सुरू होत नसावे असा निष्कर्ष काढतो. इंजिन त्याच्यासमोर थंड अवस्थेतच सुरू करावे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर लगेच विरला तर काळजीचे कारण नसते; निळसर धूर येत राहिला तर तेल जळत असते, आणि काळा धूर हा अपुरी हवा, जास्त इंधन किंवा इंजिनावरील अतिभार यांचा संकेत असतो. यांपैकी काही दिसत असेल तर नौका दाखवण्याआधीच मेकॅनिकला बोलवावे.

वॉटरमेकर बंदरातच चालवून दाखवण्याचा मोह त्याहून घातक आहे. खाऱ्या पाण्यातील क्षार वेगळे करणारे त्यातील पटल तेलाने आणि क्लोरिनने खराब होते, आणि बंदराच्या पाण्यावर डिझेलचा तवंग बहुधा असतोच. दोन मिनिटांच्या प्रात्यक्षिकासाठी नौकेवरील एक महागडा भाग गमावण्याची पाळी येऊ शकते. यंत्र साठवणीच्या रसायनात जपून ठेवले असल्यास तसे तारखेसह सांगावे आणि चाचणी समुद्रफेरीच्या दिवशी खुल्या, स्वच्छ पाण्यात घ्यावी. समजूतदार खरेदीदाराला या नकारातून मालकाची काळजीच दिसते.

वासाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण मालकाला तो जाणवतच नाही. बंद केबिनमध्ये पाऊल टाकताच डिझेल, ओल आणि शौचालय यांचा मिश्र दर्प आला, तर पाहायला आलेल्याचे निम्मे मन तिथेच फिरते. अत्तराच्या फवाऱ्याने तो झाकू पाहिल्यास शंका अधिकच वाढते. उगम शोधण्याची एक साधी रीत आहे. कापड गरम पाण्यात भिजवून पिळावे, शौचालयाच्या नळीभोवती घट्ट गुंडाळावे, ते थंड झाले की काढून नौकेपासून दूर नेऊन हुंगावे. कापडाला दुर्गंध लागला असेल तर नळीच्या भिंतीतून वास झिरपतो आहे, आणि ती नळी बदलण्याखेरीज दुसरा इलाज नाही. बिल्ज कोरडे करून धुवावे, इंजिनाखालचे तेल पुसून काढावे, गाद्या उन्हात टाकाव्यात आणि ओली शिडे केबिनमध्ये ठेवू नयेत.

छायाचित्रांत सूर्यास्तापेक्षा इंजिनाच्या चारही बाजू, बिल्ज, विजेच्या पॅनेलची मागची बाजू आणि पाण्याबाहेर काढलेल्या नौकेचा तळ दिसला पाहिजे. दूरवरून येणारा खरेदीदार प्रवासखर्च करावा की नाही हे याच छायाचित्रांवरून ठरवतो.

दोष झाकण्याची चूक

विक्रीपूर्वी बिल्जला किंवा इंजिनाला घाईने रंग देणे म्हणजे सर्व्हेअरला (खरेदीपूर्वी नौका तपासणाऱ्या तज्ज्ञाला) तिथेच नीट पाहण्याचे आमंत्रण देणे होय. तो तळ आणि डेक हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, ओलावामापक फिरवतो, डेकमधील लाकडी गाभा कुजला आहे का ते पाहतो आणि चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा जिला बांधतात ती धातूची पट्टी) डेकमधून खाली जाते तिथे गंजाचा ओघळ शोधतो. पितळी झडपेचा धातू खरवडल्यावर गुलाबी दिसला तर त्यातील जस्त निघून गेले आहे हे त्याला क्षणात कळते. माझ्या मते मौल्यवान नौका विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने एक सर्व्हे आधी करून घ्यावा. खरेदीदार त्यावर विसंबणार नाही, तो स्वतःचा सर्व्हेअर आणेलच. पण आपल्याला कोणता दोष निघणार हे आधी कळते, दुरुस्तीचे अंदाजपत्रक हाती राहते आणि किमतीत तो दोष धरलेला आहे असे सांगता येते. ऐनवेळी निघालेला दोष खरेदीदार दुरुस्तीच्या खर्चाहून कितीतरी मोठा समजतो, आणि घासाघीस तिथूनच बिघडते.

विक्री कुठे अडली आहे यावरून चूक ओळखता येते. चौकशीच येत नसेल तर किंमत किंवा छायाचित्रे चुकली आहेत. लोक पाहून जातात आणि पुन्हा फोन करत नाहीत, तर जाहिरात आणि नौका यांच्यात अंतर आहे. विसार दिल्यावर सर्व्हेनंतर व्यवहार मोडत असेल, तर जे आधी सांगायला हवे होते ते सर्व्हेअरने सांगितले आहे.

विसार घेण्यापूर्वी समुद्रफेरी घडवून आणू नये. सहसा आधी लेखी प्रस्ताव येतो, मग साधारण दहा टक्के विसार तिसऱ्या विश्वासू पक्षाकडे किंवा ब्रोकरच्या वेगळ्या खात्यात ठेवला जातो आणि त्यानंतर सर्व्हे व फेरी होते. हा क्रम उलटा केला की केवळ हौसेने आलेल्यांना फिरवण्यातच आठवडे निघून जातात.

कागदपत्रे आणि ताबा

कागदपत्रे गिऱ्हाईक मिळाल्यावर शोधायला लागणे ही चूक तयार झालेला व्यवहार गमावून बसते. मालकीची साखळी सलग दाखवणारी खरेदीखते, नोंदणी, तळावर कोरलेल्या ओळखक्रमांकाशी जुळणारी नोंद आणि कर्ज फिटल्याचा दाखला एका फायलीत लावून ठेवावा. नौकेवर कर्जाचा बोजा असेल तर तो पैसे देताना कसा उतरवणार हे करारात लिहावे. ब्रिटिश नोंदणीच्या पहिल्या भागात (पार्ट वन) नौकेची मालकी ६४ हिश्श्यांत मोजली जाते. पूर्ण नौका विकायची असेल तर सर्व हिस्सेदारांच्या सह्या लागतात. युरोपीय संघात मूल्यवर्धित कर भरल्याचा पुरावा मागितला जातो, आणि १६ जून १९९८ पासून तिथल्या बाजारात प्रथमच येणाऱ्या नौकांना सीई चिन्ह (युरोपीय सुरक्षा निकष पाळल्याची खूण) बंधनकारक आहे. हे पुरावे नसतील तर किंमत कमी करूनही खरेदीदार मिळणे अवघड जाते.

ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा धनादेश पाठवून वरचे पैसे एखाद्या वाहतूकदाराला द्या असे सांगणारा माणूस फसवणूक करतो आहे, हे निःशंक समजावे. मूळ कागद आणि किल्ल्या रक्कम खात्यात पक्की जमा झाल्याशिवाय देऊ नयेत. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ दोघांच्या सह्यांनी लिहून घ्यावी आणि तोपर्यंत विमा रद्द करू नये.

इपर्बची नोंदणी मात्र त्याच दिवशी बदलावी. हे संकटसूचक यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवते आणि बचाव यंत्रणा नोंदीतील दूरध्वनीवर सर्वप्रथम संपर्क करते. तिथे जुन्या मालकाचा क्रमांक राहिला, तर नवे लोक समुद्रात अडचणीत असताना ज्याला नौकेचा ठावठिकाणाच माहीत नाही अशा माणसाकडे चौकशी होते आणि मौल्यवान वेळ जातो. रेडिओ आणि एआयएस (आपली ओळख व स्थान इतर जहाजांना कळवणारा संच) यांतील एमएमएसआय या नऊ अंकी ओळखक्रमांकाचीही हीच गोष्ट आहे. काही एआयएस संचांत तो एकदा भरला की वापरकर्त्याला बदलता येत नाही, म्हणून संचाच्या विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडून तो बदलून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे करारातच नोंदवावे.