दवाखान्यात डॉक्टर नाही? निवेदन देण्याआधी या चुका टाळा

सांगली जिल्ह्यात डॉक्टर कमी आहेत असं कुणी म्हटलं, की मिरजेकडे बोट दाखवून ते खोडता येतं. तिथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वानलेस रुग्णालय तर त्याच्याही कितीतरी आधीचं. सातारा जिल्ह्यात कराडचं तसंच आहे. त्यामुळे जत, आटपाडी, माण, पाटण या तालुक्यांतून आलेलं ‘आम्हाला डॉक्टर द्या’ हे निवेदन जिल्ह्याच्या सरासरीखाली दबून जातं. गावाचं म्हणणं खरं असतं, पण मांडणी कच्ची असते. रुग्ण कल्याण समितीचे (सरकारी दवाखान्याच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचे) सदस्य, सरपंच आणि स्थानिक पत्रकार यांच्याकडून नेहमी होणाऱ्या चुका इथे दिल्या आहेत.

जिल्ह्याचा किंवा देशाचा आकडा वापरणं

‘८३६ माणसांमागे एक डॉक्टर’ हा केंद्र सरकारने संसदेत दिलेला आकडा निवेदनात टाकू नका, तो तुमच्याच विरोधात जातो. त्यात नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी ८० टक्के उपलब्ध आहेत असं धरलेलं आहे आणि आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) डॉक्टरही मिळवलेले आहेत. शिवाय नोंदणी राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे होते. डॉक्टर कोणत्या गावात बसतो, हे त्या नोंदणीवरून कळत नाही.

हिशेब तालुक्याचा करा. सपाट भागात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र, डोंगरी भागात हेच २० हजार आणि ३ हजार, असा निकष आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जत तालुक्याची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या वर आहे, म्हणजे सपाट भागाच्या निकषानेही जवळपास ११ केंद्रं. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या गावांनी डोंगरी निकष लागू आहे का, ते आधी विचारावं.

फक्त ‘रिक्त पदं किती?’ एवढंच विचारणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. उत्तर येतं ‘एकही नाही’, आणि विषय तिथेच मिटतो. पद भरलेलं असतं, पण माणूस प्रतिनियुक्तीवर (तात्पुरत्या नेमणुकीवर) शहराजवळच्या रुग्णालयात काम करत असतो. पगार या केंद्राच्या नावावर निघतो आणि काम दुसरीकडे होतं. कुणी पदव्युत्तर शिक्षणाला गेलेलं असतं, कुणी दीर्घ रजेवर, कुणी रुजू होऊन परत न आलेलं. कागदावर ही सगळी पदं भरलेलीच दिसतात.

म्हणून प्रत्येक पदासाठी सहा रकाने मागा: मंजूर, भरलेलं, रिक्त, प्रतिनियुक्तीवर बाहेर, रजेवर किंवा शिक्षणासाठी, आणि गेल्या महिन्यात प्रत्यक्ष हजर दिवस. नियमित आणि कंत्राटी माणसं वेगळी दाखवायला सांगा. वैद्यकीय अधिकारी एमबीबीएस आहे की बीएएमएस, तेही विचारा. बंधपत्रावर, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याच्या अटीवर आलेला डॉक्टर असेल तर त्याची मुदत कधी संपते ते लिहून घ्या, म्हणजे जागा रिकामी होण्याआधीच पुढचं पत्र देता येईल.

तोंडी उत्तरावर थांबू नका. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. डॉक्टर, औषधं आणि रुग्णवाहिका एकाच अर्जात घातलं तर अर्ज तिथेच अडकतो.

एक नर्स म्हणजे चोवीस तास सेवा असं समजणं

दिवसाला तीन धरून आठवड्यात २१ पाळ्या असतात. एक परिचारिका साप्ताहिक सुट्टी धरून ६ करते, म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं. रजा आणि प्रशिक्षण धरलं तर चार लागतात. दोन परिचारिकांवर रात्रीची प्रसूती सेवा चालवायची ठरवली, तर त्या थकतात, बदली मागतात, आणि गावाला वाटतं बाई टिकत नाहीत. निवेदनात ‘नर्स द्या’ एवढंच न लिहिता पाळ्यांचं गणित लिहा.

तज्ज्ञांचंही असंच. ग्रामीण रुग्णालयाला स्त्रीरोगतज्ज्ञ मिळाला, पण भूलतज्ज्ञ नाही आणि रक्तसाठ्याची सोय नाही, तर सिझेरियन होत नाही. बाळंतीण मिरजेला किंवा कराडलाच जाते. मागणी पूर्ण जोडीची करा.

ओपीडी कमी म्हणून गरज कमी

डॉक्टर नसला की रुग्ण येत नाहीत, रुग्ण नाहीत म्हणून पद दुसरीकडे वळतं. जत तालुक्यातल्या उमदी, संख भागातल्या माणसांना मिरजेपेक्षा विजापूर जवळ पडतं, ते तिकडे जातात आणि आपल्या रजिस्टरमध्ये दिसतच नाहीत. महाबळेश्वर तालुक्यातल्या कांदाटी खोऱ्यातल्या काही गावांना तापोळ्याला यायचं तर लाँच बघावी लागते, तिथे किलोमीटर मोजून उपयोग नाही. ऊसतोडीच्या हंगामात कराड, वाळवा, पलूसकडे टोळ्या उतरतात, त्यांची नोंद त्या तालुक्यांच्या जनगणनेत नसते. तेव्हा आशाताईंकडून तीन महिन्यांची साधी यादी करून घ्या: बाहेर झालेल्या प्रसूती, बाहेर गेलेले रुग्ण, पोहोचायला लागलेला वेळ. नावं नकोत, आकडे पुरेत.

चुकीच्या टेबलावर कागद ठेवणं

प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वेगळ्याच विभागाकडे. नवीन पद निर्माण करणं शासनाच्या हातात असतं, जिल्हा परिषदेच्या नाही. प्रतिनियुक्ती रद्द करण्याची मागणी मात्र जिल्ह्यातच लावून धरा, कारण तिला नवीन पद किंवा नवीन भरती लागत नाही.

क्वार्टर न बघता डॉक्टर मागणं

निवासस्थानाचा स्लॅब गळतो, बोअर आटलेली, रात्री आवारात दिवा नाही, अशा जागी परिचारिकेने एकटं राहावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. किरकोळ दुरुस्ती रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून होते, मोठीसाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक लागतं. पाणी आणि वीज सुरू असल्याचा ग्रामपंचायतीचा ठराव निवेदनाला जोडा. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, त्यामुळे हा सगळा संच फेब्रुवारीअखेर पोहोचता करा आणि आवक क्रमांक (कागद मिळाल्याची कार्यालयाची नोंद) घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.