कार्यालयात ई-वाहनांचा चार्जर बसवताना आगीची काळजी

चार्जर कोणत्या कंपनीचा घ्यावा, यावर व्यवसायमालक बराच खल करतात. आगीच्या दृष्टीने मात्र त्यामागची वायरिंग आणि त्याची जागा यांकडे आधी पाहावे. ७.४ किलोवॅटचा एसी चार्जर सिंगल फेजवर ३२ अ‍ॅम्पिअर वीजप्रवाह सलग कित्येक तास ओढतो. गिझर थोड्या वेळात बंद होतो, म्हणून त्याच्या वायरिंगमधला सैल स्क्रू अनेकदा खपून जातो. येथे तो खपत नाही. टर्मिनलवर लग (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी) नीट आवळलेली नसेल आणि त्या जोडाचा रोध अवघा ०.०५ ओहम वाढला, तरी तेवढ्याशा जागेत सुमारे ५१ वॅट उष्णता निर्माण होत राहते. डीबीच्या (वीज वाटप करणाऱ्या पेटीच्या) आत तापलेले सोल्डरिंग आयर्न ठेवण्यासारखेच हे आहे.

त्यामुळे परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून मंजूर भार आधी तपासून घ्यावा आणि तो अपुरा असल्यास वीज कंपनीकडे भारवाढीचा किंवा स्वतंत्र जोडणीचा अर्ज करावा. प्रत्येक चार्जरला डीबीपासून स्वतंत्र सर्किट, स्वतःची एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) द्यावी. वाहनातून डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाची गळती झाल्यास साधी आरसीसीबी ऐनवेळी ट्रिप होईलच असे नाही. म्हणून ६ मिलिअ‍ॅम्पिअरची डीसी गळती ओळखणारा चार्जर घ्यावा, अन्यथा अशी गळतीही ओळखणारी टाइप बी आरसीसीबी बसवावी. एक्स्टेन्शन बोर्ड कोणत्याही सबबीवर वापरू देऊ नये.

जागा निवडताना २०२२ मधील सिकंदराबादची दुर्घटना आठवावी. तेथे ई-स्कूटरच्या शोरूममध्ये लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये शिरला आणि आठ जणांचा जीव गेला. जिन्याखाली, बाहेर पडण्याच्या वाटेवर किंवा गोदामाला लागून चार्जर नकोच. उघडी, हवेशीर जागा उत्तम. वीज तोडण्याचा स्विच वाहनापासून थोडा दूर, सर्वांना दिसेल असा असावा. पॅनेलच्या आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक जवळ ठेवावे. बॅटरीच पेटली तर ते पुरणार नाही. वीज तोडून माणसे बाहेर काढावीत आणि १०१ वर कळवावे. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, हे पहारेकऱ्यालाही सांगून ठेवावे.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षेचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या तपासणीतच कंत्राटदाराला बोलावून, चार्जिंग चालू असताना थर्मल (उष्णता दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याने सर्व जोड पाहून घ्यावेत. नंतर वीज बंद करून डीबी उघडावी. लगच्या जवळचे इन्सुलेशन तपकिरी पडलेले दिसले, तर तो जोड नव्याने करून घेईपर्यंत चार्जर बंदच ठेवावा.